ज्याच्यावर संशय येत नाही

मित्रांनो, चिंचवडच्या एका कामगार वसाहतीत, सभागृहाच्या माळ्यावर धूळ खात पडलेला सिनेमाचा प्रोजेक्टर म्हणजे मी. १९६६ साली कंपनीने मला आणलं, तेव्हा हार घालून, नारळ फोडून माझी पूजा झाली होती.

मला चालवायचा चिमाजी. मूळचा मारुंजी गावचा, कंपनीत शिपाई. मऊ फडक्याने माझं भिंग पुसायचा. रीळ तुटलं की लोकांच्या शिट्ट्या निमूट ऐकत जोडत बसायचा. कोणाशी चढ्या आवाजात बोलला नाही कधी.

रविवारी संध्याकाळी रहस्यपट असला की पाय ठेवायला जागा नसे. सुरुवातीला लोक गालावर व्रण असलेल्या, काळ्या कोटातल्या माणसाला खुनी समजत आणि फसत. खुनी निघे प्रेमळ डॉक्टर, नाहीतर घरचा जुना नोकर. चार-पाच वर्षांत सगळे तरबेज झाले. गरीब चेहऱ्याचा नोकर चहाचा ट्रे घेऊन आला, की अंधारातून ओरडा व्हायचा, "हाच तो!" आणि बहुतेक वेळा तोच निघायचा. मला तेव्हा मोठी मौज वाटे.

एका वर्षी गणपतीच्या तोंडावर मंडळाचा चांदीचा मुकुट सापडेना. कपाटाची किल्ली चिमाजीकडे असे, इतका त्याच्यावर विश्वास. मंडळाचे अध्यक्ष दौलतराव सभागृहात सर्वांसमोर म्हणाले, "इतका गरीब स्वभाव? मला आधीच खटकायला हवं होतं. ज्याच्यावर संशय येत नाही, तोच असतो!"

माना डोलल्या.

"आवो दौलतराव, बारा वर्सं हितं हाय मी," चिमाजी म्हणाला. "म्या न्हाई घेतला."

"सिनेमातही असंच म्हणतात," बालवाडीच्या सुमनताई मागून बोलल्या. लोक हसले.

चिमाजीने माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे शिकवलं होतं मीच, आणि मला चालवलं होतं त्याने.

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. आठवड्याभरात बायकोला, सोजरबाईला घेऊन तो खोली सोडून गेला. मारुंजीलाही गेला नाही; बातमी तिथे आधीच पोचली होती.

पुढच्या वर्षी मखराच्या पेटीच्या तळाशी, जुन्या पडद्यात गुंडाळलेला मुकुट सापडला. मुकुट हरवण्याआधीच्या विसर्जनाच्या घाईत दौलतरावांनीच तो तिथे ठेवला होता. ते म्हणाले, "बाप्पाची कृपा!" आरती झाली. चिमाजीचं नाव कोणी काढलं नाही. त्याच रविवारी नवा रहस्यपट लावला, आणि खुनी बरोबर ओळखला म्हणून टाळ्या पडल्या.

पुढे टीव्ही आला, मी माळ्यावर गेलो. मित्रांनो, मला पुसू नका, तेलही घालू नका. पण कुठे चिमाजी भेटला, तर मुकुट सापडला एवढं त्याला सांगा. अजून कोणी कळवलेलं नाही.