कोठारातल्या दोन पेट्या

यंदा आमच्या चर्चला पन्नास वर्षं झाली, त्याचा मोठा सोहळा झाला. शहरातून एक वक्ते आले होते. त्यांनी तासभर आमच्या आईबापांचं कौतुक केलं. म्हणे, ती पिढी हसतमुखानं संकटांना सामोरी गेली. मी पहिल्याच बाकावर होते, कारण त्या पिढीला जवळून पाहिलेली आता मीच काय ती उरले आहे. हसतमुखानं! माझ्या बापाला हिवाळ्यात हसताना मी कधी पाहिलं नाही. मिशीत बर्फ गोठलेला असला की हसता येत नाही, ओठ फाटतात. भाषण संपल्यावर मंडळी म्हणाली, लिव्हआजी, तुम्हीही दोन शब्द बोला. मी म्हटलं, कॉफी गार होतेय, आधी ती प्या. सगळे हसले. म्हातारी मोठी गमतीची आहे म्हणाले.

बोलले नाही ते इथे लिहिते आहे. ज्यांना ते लागलं असतं ती माणसं आता मातीखाली गेली.

आम्ही मायदेशातल्या टेलेमार्कहून समुद्र ओलांडून डकोटात आलो तेव्हा मी एवढीशी होते. बाबा ओस्मुन, आई गुन्वोर, मी आणि माझी धाकटी बहीण आस्लाउग. अर्ध्या तासाच्या चालीवर इवेर आणि ब्रिता यांचं शेत होतं. ते सोग्नकडचे, मायदेशातल्याच दुसऱ्या मुलखातले. मधे एक झाडसुद्धा नाही, नुसतं गवत. त्यामुळे एका घरच्या चुलीचा धूर दुसऱ्या घरातून दिसायचा आणि दिसला नाही की आई अस्वस्थ व्हायची. आई आणि ब्रितामावशी यांची मैत्री एकमेकींना टाकून बोलण्यावर टिकलेली होती.

"तुझं बोलणं कानात शिरेपर्यंत संपलेलं असतं गं ब्रिता," आई म्हणायची. "तुम्हा सोग्नवाल्यांच्या मागे कुणी कुत्रं लागलेलं असतं का?"

"आणि तुझं एक वाक्य पुरं होईस्तोवर माझं दूध नासतं. वर तुम्हा टेलेमार्कवाल्यांचा हट्ट! त्यापेक्षा खेचरं पाळलेली बरी."

असं म्हणत दोघी एकाच परातीत पीठ मळायच्या.

पुढे एका साली हिवाळा ऑक्टोबरातच येऊन बसला आणि नाताळाच्या सुमारास घटसर्प आला. आमच्या घरात तो मला झाला, आईला झाला, आस्लाउगला झाला. ब्रितामावशीकडे तिच्या सिन्नेवाला झाला. सिन्नेवा चार वर्षांची, आस्लाउग पाचाची. पण आमची अंगानं किरकोळ, त्यामुळे दोघींचे झगे दोघींना व्हायचे. आधी सिन्नेवा गेली. पाठोपाठ आस्लाउग गेली. मी माझ्या बिछान्यातून तिचा घशातला आवाज ऐकत होते आणि तो थांबला तेव्हा मला बरं वाटलं, कारण आता झोप लागेल असं वाटलं. नऊ वर्षांचं पोर दुसरा काय विचार करणार?

आई तापात बेशुद्ध होती. म्हणून आस्लाउगला आंघोळ घालायला ब्रितामावशी आली, कमरेएवढ्या बर्फातून. स्वतःच्या पोरीचं करून तिचे हात वाळले नव्हते. तिच्याजवळ मायदेशाहून आणलेली तागाची एकच चादर होती. ती मधोमध फाडून तिने दोघींना सारखेच झगे शिवले. तापात केस कापायची तेव्हा पद्धत होती, तेही दोघींचे कापलेले. इवेरने गाडीच्या फळ्या काढून दोन सारख्या पेट्या ठोकल्या.

जमीन दगड झालेली. कुदळ मारली की ठिणगी उडायची. असं झालं की मेलेल्या माणसाला वसंतापर्यंत थांबवून ठेवत. आमचं घर ढेकळांचं आणि गोठाही ढेकळांचा. लाकडी फळ्यांचं कोठार एकट्या इवेरकडे होतं. तिथे ओटच्या राशीवर दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या. नाव घालायचं कुणाला सुचलं नाही. आपल्या पोरीची पेटी आपण विसरू असं कुणाला वाटतं?

फेब्रुवारीत वादळ झालं आणि कोठाराचं छप्पर एका कोपऱ्यात खचलं. ओट भिजले असते तर घोडे मेले असते, आणि घोडे मेले असते तर आम्हीही. बाबा आणि इवेर यांनी त्या वादळात सगळी रास उपसली, पेट्या हलवल्या, पुन्हा रचलं. कुठली कुठे ठेवली हे पाहायची शुद्ध दोघांनाही नव्हती. बाबांची दोन बोटं त्या दिवशी काळी पडली ती पुढे कापावी लागली.

एप्रिलच्या शेवटी गोठलेली जमीन सुटली. तेव्हा दफनभूमी नव्हती, ज्याचं माणूस त्याच्या शेतातल्या टेकडीवर जायचं. बाबा गाडी घेऊन गेले आणि कोठाराच्या दारातच दोघांची जुंपली.

"भिंतीकडची आमची," इवेर म्हणाला.

"भिंती चार आहेत इवेर. कुठल्या भिंतीकडची?"

"मी ठेवली ना माझ्या हातानं!"

"तुझ्या हातानं तू त्या दिवशी तुझं नाकसुद्धा शोधू शकला नसतास."

शेवटी एकच उपाय उरला, झाकणं उघडायची. फिरतीवर येणाऱ्या पाळकांनी ताकीद दिली होती की या रोगाची पेटी उघडू नका. ब्रितामावशीच्या अंगावर तर नुकतंच जन्मलेलं तान्हं मूल होतं. पण ज्याला घटसर्प एकदा होऊन गेला त्याला तो पुन्हा होत नाही, असं तेव्हा सगळे मानत. म्हणून आई आत गेली. बाबांना आणि इवेरला तिने लांब उभं केलं. अंगणात ब्रितामावशी शालीखाली बाळ धरून उभी होती आणि सारखी ओरडत होती, "कुठली गं गुन्वोर? माझी कुठली?"

आई बाहेर आली. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "दाराजवळची तुझी."

ब्रितामावशी तिथेच चिखलात बसली आणि रडली. मग उठून घरात गेली आणि आठवड्यात पहिल्यांदाच पोटभर जेवली. एक पेटी त्यांच्या टेकडीवर गेली, दुसरी आमच्या.

त्यानंतरची बारा वर्षं मी पाहिलेली आहेत. ब्रितामावशीने टेकडीवर कुंपण केलं, फळीवर सिन्नेवाचं नाव रंगवलं, रानगुलाब लावले. रविवारी ती कॉफीची किटली घेऊन तिथे जाऊन बसायची. तिची मुलं भांडायला लागली की म्हणायची, "हळू! सिन्नेवा ऐकतेय." आमच्या टेकडीवर काहीच नव्हतं. आई तिकडे फिरकत नसे. मी एकदा फुलांचा हार केला, तेव्हा म्हणाली, "राहू दे गं, वारा नेईल." मी मनात म्हणायचे, ही बाई दगड आहे.

मग चर्च बांधून झालं, शेजारी दफनभूमी आखली, आणि ठरलं की टेकड्यांवर पुरलेली सगळी माणसं तिथे एकत्र आणायची. आणायच्या दिवशी सकाळी बाबा लोखंडी कांब घेऊन आमची टेकडी टोचत फिरले. थडगं सापडत नव्हतं, इतकं गवत माजलेलं. सापडल्यावर जे उरलं होतं ते त्यांनी नव्या पेटीत भरलं. ते घोड्यावरून पुढे गेले. गाडीत मी, आई आणि मागे ती पेटी.

निम्म्या वाटेवर आई म्हणाली, "लिव्ह, मागे कोण आहे ते मला ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"छप्पर गळत होतं. त्यात उंदीर. दोन्ही झाकणं उघडली मी." तिने मागे वळून पेटीकडे बघितलं. "तोंड नव्हतं गं. दोघींनाही नव्हतं."

माझ्या हातातला लगाम सैल पडला. घोडे आपले चालत राहिले.

"मग तू सांगितलंस कसं?"

"ती बाहेर ओरडत होती. तिला दूध येईना, ते पोरही गेलं असतं. म्हटलं, दोघींतल्या एकीला तरी तिची पोर मिळू दे. सुचलं ते बोलले."

"बाबांना माहीत आहे?"

"कुणालाच नाही. आज मी तिच्याकडे एकच मागणार आहे. दोघींना एका खड्ड्यात ठेवू या. मग कुठलीही कुणाची असो, मी गुडघे टेकीन तिथे माझी असेल."

"आणि ती नाही म्हणाली तर? आई, तिला हे सांगू नकोस हं. तिच्याजवळ एवढंच आहे."

"नाही कशाला म्हणेल? मैत्रीण आहे माझी."

ब्रितामावशीची पेटी पांढरी रंगवलेली होती. सिन्नेवाचं नाव कोरलेला दगडही तयार होता, उंच आणि चकचकीत. आई तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "ब्रिता, दोघींना एकत्रच ठेवू या. खेळायच्या एकत्र, गेल्याही एकत्र."

ब्रितामावशी हसली. "का गं? ओस्मुनला दुसरा खड्डा खणायचा कंटाळा आला?"

"थट्टा नाही करत मी."

"मीही नाही. अगं, तिच्या एका अंगाला इवेरची जागा आणि दुसऱ्या अंगाला माझी. सगळं आखून ठेवलंय. मला माझ्या पोरीशेजारी झोपायचंय. तुझी पलीकडच्या ओळीत असेल, चार पावलांवर. गप्पा मारतील हाका मारून."

"ब्रिता, मी तुझ्या पाया पडते."

"हे काय वेड्यासारखं? लोक बघतायत."

मी आईचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला आणि सांगून टाकलं. पाळक होते, इवेर होता, बाबा होते. सगळ्यांसमोर, गाडीत मला सांगितलं त्याच शब्दांत. छप्पर, उंदीर, तोंड नव्हतं.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून नुसते उभे राहिले. ब्रितामावशी आमच्या पेटीकडे बघत होती. मग तिने विचारलं, "तुमच्या टेकडीवर फळी होती का?"

"नव्हती," आई म्हणाली.

"ओस्मुन कांब घेऊन शोधत होता म्हणे सकाळी."

आईने मान डोलावली.

"म्हणजे तू म्हणतेस ते खरं असेल, तर माझी सिन्नेवा बारा वर्षं तुझ्या टेकडीवर होती. आणि तू एकदासुद्धा गवत उपटलं नाहीस."

"ब्रिता, मला कळत नव्हतं ना, की ती कोण..."

"पोर होतं ना? तुझी नाही तर माझी, दोघींतलीच एक होती ना? माझी असेल म्हणून गेली नाहीस?" तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "मी बारा वर्षं जिच्यापाशी बसले, ती तुझी असेल तरी मी तिला एकटं ठेवलं नाही. तू काय केलंस?"

मला तेव्हा आईची दया आली नाही, लाज वाटली. दया फार नंतर आली.

मग ब्रितामावशीने पाठ फिरवली. "खोटं बोलतेय ती," ती पाळकांना म्हणाली. "इवेर, सोड खाली. सिन्नेवा आहे ती." आणि पांढरी पेटी खाली गेली.

आमची पलीकडच्या ओळीत गेली. त्या दिवसानंतर आई दर शनिवारी दफनभूमीत जायची आणि गुडघ्यांवर बसून गवत उपटायची, उपटण्यासारखं काही नसलं तरी. बाबांनी फळी केली, त्यावर आस्लाउगचं नाव घातलं. आई दुसऱ्या ओळीतल्या दगडाकडे बघायची, पण चार पावलं पुढे टाकायचं धाडस तिला कधी झालं नाही. चर्चमध्ये बायकांच्या बाजूला दोघी बसायच्या, एक पुढे आणि एक मागे, पण नऊ वर्षांत एक शब्द नाही. आमच्या घरातून त्यांचा धूर दिसायचा. तो दिसला नाही की आई अजूनही अस्वस्थ व्हायची, पण चौकशीला जायची नाही. तशीच ती गेली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ब्रितामावशीने मला बोलावणं धाडलं. इवेर आधीच गेलेला. ती खाटेवर होती, पाय सुजलेले, जेवण तुटलेलं. सून म्हणाली, काही खात नाहीत, रात्रंदिवस बडबडतात. तिने सुनेला बाहेर जायला सांगितलं आणि मला जवळ बसवलं.

"लिव्ह, आता माझे दिवस भरले. तिच्याशेजारी मला ठेवतील."

"हो मावशी."

"शेजारी कोण असेल गं माझ्या?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"तुझी आई तुला सगळं सांगायची. मला खरं ते सांग. त्या दिवशी ती खोटं बोलली ना?"

माझ्या आईने आयुष्यात एकदा लोकांसमोर सगळं खरं सांगितलं होतं, आणि त्यापायी एकुलती एक मैत्रीण गमावली होती. ते खरं होतं हे माहीत असलेलं माणूस जगात मी एकटी. मावशीच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून मी तिच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं.

"हो मावशी," मी म्हटलं. "खोटं बोलली."

"देवाची शपथ?"

"देवाची शपथ."

"पण कशासाठी गं? मी तिचं काय वाकडं केलं होतं?"

कारण दिल्याशिवाय ती सोडणार नव्हती. मी जिभेवर आलं ते दिलं. "तुमच्या पोरीचा दगड तिला बघवला नाही. आमच्याकडे साधी फळीही नव्हती. जळली ती."

ब्रितामावशी उशीला टेकली. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. "मत्सर," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. मेली सगळ्यांदेखत माझ्या पोरीवर हक्क सांगत होती." मग तिने कॉफी मागितली, भाकरीचा तुकडा मागितला. सून धावत आली, तिचा विश्वास बसेना. मावशीला कप पेलवेना म्हणून तो मीच धरला. ती भाकरी कॉफीत बुडवून खात होती आणि मधेमधे माझ्या आईला शिव्या घालत होती, खोटारडी, कपटी, काळ्या मनाची, आणि दर शिवीला माझ्याकडे बघत होती. मी दर वेळी म्हणत होते, "हो मावशी."