बंडी दिसेपर्यंत हलायचं नाही

मी एक बंडी बोलतेय. बिनबाह्यांची, भडक पिवळी, अंगावर चंदेरी पट्टे. रस्ता खणणारे कामगार घालतात ना, तसली. तुम्ही मला शंभरदा पाहिलं असेल आणि एकदाही माझ्याकडे नीट बघितलं नसेल. राहू द्या. मलाही तुम्ही फारसे आवडत नाही. त्यातून मोटरसायकलवर बसलेले तर मुळीच नाही.

एका पिशवीत कोंबलेल्या आम्ही दहा बहिणी. नऊ जणी रस्त्याच्या कामावर गेल्या, त्यांचं भलं झालं. खड्डा खणणारा माणूस निदान एका जागी उभा राहतो. माझ्या नशिबी वेल्समधल्या त्रेगॅरन गावचा मोटरसायकल क्लब आला. पाठीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत वेल्शमध्ये 'ओलाव' असं उमटवलं, म्हणजे 'शेवटचा'. इंग्लंडहून आलेल्या पर्यटकांना ते मला घालणाऱ्याचं नाव वाटतं. 'काय ओलाव, बरं आहे ना?' म्हणून हात हलवतात.

माझं काम इतकं सोपं आहे की मेंढीलाही समजेल. पंधरा-वीस गाड्या एकत्र निघाल्या की शेपटाला शेपूट लावून पळायचं नसतं. तसं केलं की मागचा पुढच्याला गाठायला जिवावर उदार होतो. म्हणून आमच्यात रीत अशी आहे. सगळ्यांत पुढे म्होरक्या. जिथे वळायचं तिथे तो बोट दाखवतो, आणि त्याच्या लगेच मागचा जो असेल तो त्या कोपऱ्यावर थांबून बाकीच्यांना वाट दाखवतो. बंडी दिसेपर्यंत त्याने हलायचं नाही. मी दिसले म्हणजे सगळे येऊन गेले, मग त्याने माझ्या पुढे निघायचं. आणि कोपऱ्यावर कुणीच उभं नसेल तर सरळ जायचं, कारण वळायचं असतं तर तिथे माणूस असता.

एवढंच. म्हणजे ज्याला त्याला आपापल्या वेगाने जाता येतं आणि कुणी हरवत नाही. फक्त मला घालणाऱ्याने एक पाळायचं. कुणालाही ओलांडायचं नाही. कितीही हळू असो, कितीही वैताग येवो.

म्हाताऱ्या एम्रिसला हे कळत होतं. माझी पहिली कितीतरी वर्षं त्याच्या अंगावर गेली. कुणी लघवीला भिंतीआड थांबला तर एम्रिसही अलीकडे थांबायचा आणि डोंगराकडे बघत शीळ घालायचा. 'पुढे पळायला मनगट लागतं, मागे राहायला अक्कल लागते,' म्हणायचा. त्याच्या अंगाला तंबाखूचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा. जगात मला एवढा एकच माणूस आवडला, आणि त्याचे गुडघे गेले.

मग मी गेथिनच्या वाट्याला आले. हा कुंपणाच्या तारा ठोकणारा, लांबलचक हातांचा, सदा कुणावर तरी चिडलेला. पूर्वी म्होरक्या हाच होता. क्लबात हात वर करून मतं घेतली तेव्हा ट्रॅक्टर विकणाऱ्या हेविनने त्याची जागा घेतली, आणि वर हसत हसत मला त्याच्या हातात ठेवलं. 'घे, कुणीतरी जबाबदार माणूस मागे हवा.' जबाबदारी कसली, अपमान होता तो. मला अंगात घालावं लागलं म्हणून गेथिनने माझ्यावरच सूड उगवला. साखळीचं तेल तो मला पुसायचा. अजून उजव्या कुशीवर डाग आहे, बघा.

हेविनही काही साधू नव्हे. जेवायला कुठे थांबायचं हे तो आधी कुणाला सांगायचा नाही. सगळ्यांनी आपल्या मागे यावं, आपल्या बोटाकडे बघावं, याची त्याला भारी हौस.

याच सुमारास मेन्ना क्लबात आली. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, शाळेची बस चालवणारी. 'आयुष्यभर दारं उघडली आणि मिटली,' म्हणाली, 'आता मला वारं हवंय.' तिने एक लाल, जुनी, लहानशी गाडी घेतली होती. वळणावर ती अशी जपून जायची की जणू मागे चाळीस पोरं बसलीत. मला त्यात काही गैर वाटलं नाही. बाकीच्यांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या.

'आली रे मेन्नाची बस!'

'मेन्नाबाई, पुढच्या स्टॉपवर कोण उतरणार?'

ती हसायची आणि हेल्मेट काढायची. केस घामाने चिकटलेले असायचे. हसायची, पण कप घेऊन सगळ्यांपासून लांब, आपल्या गाडीपाशी जाऊन बसायची. हे कुणी पाहिलं नाही, मी पाहिलं.

सप्टेंबरातला एक रविवार. फेरी लांबची होती, उत्तरेला बाला सरोवराच्या वरच्या डोंगरांत. तिकडचे रस्ते हेविन सोडून कुणाला धड माहीत नव्हते. निघण्याआधी सगळे चहा पीत उभे होते.

'गेथिन, आज जेवणाच्या वेळेला ये रे बाबा,' हेविन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. 'गेल्या खेपेला आमचं खाणं पचलं तरी तुझा पत्ता नव्हता.'

'माझ्यापुढे कोण असतं ते बघ की जरा.'

'अरे, त्यासाठीच तर तुला मागे ठेवलाय!'

सगळे खिदळले. मेन्ना तिथेच उभी होती, चहाचा कागदी पेला हातात धरून. 'मी हळू येते,' ती म्हणाली, 'पण येते.'

'पुढच्या रविवारपर्यंत ये म्हणजे झालं,' गेथिन म्हणाला. माझी चेन त्याने इतक्या जोरात ओढली की दोन दात वाकले.

दुपारपर्यंत सगळं रीतीने चाललं. मग चढ लागला. रस्ता अरुंद, भुरभुर पाऊस, बांधावरून मेंढ्या खाली उतरलेल्या. मेन्ना त्यांच्यातून वाट काढत होती, एकेकीला जाऊ देत. मागे गेथिन हेल्मेटच्या आत शिव्या देत होता. त्या तिला ऐकू जात नव्हत्या, सगळ्या मी ऐकल्या. रस्ता जरा रुंद झाला तसा त्याने हात हलवून 'ये मागून' असं केलं आणि तिला ओलांडलं.

मी फडफडले. बंडीला ओरडता येत नाही, फडफडता येतं. तो आणखी जोरात निघाला.

चढ संपतो तिथे एक बंद पडलेलं प्रार्थनाघर आहे आणि त्याच्यापाशी फाटा. उजवीकडचा रस्ता खाली गावात जातो. सरळ जातो तो डोंगरावर, जिथे घर नाही, दार नाही, फोनला रेंज नाही. फाट्यावर रोद्री उभा होता. दाढीवाला, आडमाप, मऊ मनाचा गडी. त्याने मला पाहिलं. मी दिसले म्हणजे शेवटचा आला. त्याने गाडी चालू केली आणि आमच्या पुढे खाली निघाला. त्याची काय चूक? खोटं मी बोलत होते, म्हणजे माझ्या तोंडून गेथिन बोलत होता.

थोड्या वेळाने मेन्ना त्या फाट्यावर आली असेल. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. कुणी नसेल तर सरळ जायचं. ती सरळ गेली. सगळ्या क्लबात नियम पाळणारी ती एकटी, आणि ती नियमानेच मरायला निघाली होती.

खाली कॅफेत हेविनने टाळ्या वाजवल्या. 'वा गेथिन! आज सूर्य कुठून उगवला?'

गेथिनने मला काढून खुर्चीच्या पाठीला अडकवलं. तळलेले मासे आले, बटाट्याचे काप आले, व्हिनेगरचा वास सुटला. कुणीतरी विचारलं, 'मेन्ना कुठाय?'

'येतेय,' गेथिन म्हणाला. 'पेट्रोल भरायला थांबली.'

बघा किती सहज. मासा चावता चावता. ताटं रिकामी होत आली, चहा आला. रोद्री दाराकडे बघायला लागला. मेन्नाला तो लहानपणापासून आंटी म्हणायचा.

'गेथिन, आंटी तुझ्या पुढे होत्या ना?'

'होती की. मग मागे राहिली.'

'मागे? तुझ्या मागे?'

गेथिनने बटाट्याचा शेवटचा काप तोंडात टाकला. मग मात्र एकदम गलका झाला. हेविन ओरडला की तुला एक काम जमत नाही. गेथिन ओरडला की सकाळपासून टोचत कोण होतं, आणि जेवायची जागा लपवून कोण ठेवतं, सांगितली असती तर बाई विचारत विचारत आली असती. हे मात्र त्याचं खरं होतं. दोघं एकमेकांच्या नाकासमोर बोटं नाचवत उभे राहिले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे ठेच मागच्याला लागली होती आणि पुढचे मात्र शहाणपण कुणाचं जास्त यावर भांडत होते.

रोद्रीने खुर्चीवरून मला ओढलं, अंगात चढवलं आणि निघाला. मी त्याला होत नव्हते. चेन लागली नाही.

फाट्यावरून तो सरळ वर गेला. बऱ्याच अंतरावर रस्त्यात आडवे लोखंडी गज टाकलेत, मेंढ्यांनी ओलांडू नये म्हणून. उताराचं वळण, ओलं लोखंड. गजांपलीकडे डांबरावर एक लांब ओरखडा होता आणि तो ओढ्यात उतरत होता. लाल गाडी आडवी पडलेली. तिच्याखाली मेन्नाचा पाय. तिचे ओठ निळे झाले होते. हाताला लागतील ते दगड जवळ गोळा करून ती अधूनमधून गाडीच्या टाकीवर आपटत होती, कुणाला तरी ऐकू जावं म्हणून. दोनेक तास ती हे करत होती. ऐकायला मेंढ्या होत्या.

रोद्री घसरत खाली गेला. 'आंटी! आंटी, मी आलो!'

तिने डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. त्याच्या दाढीला व्हिनेगरचा वास होता.

'जेवलास का?' तिने विचारलं.

एवढा आडदांड माणूस, पण हमसून हमसून रडला. मलाही रडू आलं असतं, पण मला इतका राग आला होता की दुसरं काही येईना. त्याने गाडी उचलून तिचा पाय मोकळा केला, स्वतःचं चामडी जाकीट तिच्या अंगावर घातलं आणि मला वर रस्त्याकडेच्या खांबाला बांधून रेंज शोधायला पळाला. रुग्णवाहिका आली ती मला बघून. त्या दिवशी मी एकदाच खरं बोलले, ते खांबावरून.

मेन्नाच्या मांडीत सळई घातली. हिवाळाभर ती घरात बसली. गेथिन एकदाही तिच्याकडे गेला नाही. हेविन फुलं घेऊन गेला आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगत सुटला की मी फुलं नेली.

मार्चमध्ये पबच्या मागच्या खोलीत क्लबाची बैठक झाली. मी टेबलावर होते, कारण मला कुणी हात लावायला तयार नव्हतं. हेविन उठला. म्हणाला, झालं ते वाईट झालं, म्हणून यापुढे ज्यांना वेग ठेवता येत नाही त्यांनी रविवारच्या फेरीला येऊ नये. 'त्यांच्याच सुरक्षिततेसाठी.'

'बरोबर आहे,' गेथिन म्हणाला. 'तिनेही लक्ष ठेवायला हवं होतं.' त्या दिवसानंतर हे दोघं पहिल्यांदाच एका बाजूला आले. चोर तो चोर, वर शिरजोर.

तेवढ्यात दार उघडून मेन्ना आली. हातात काठी. कुणी खुर्ची दिली तर घेतली नाही.

'ऐकलं मी बाहेरून,' ती म्हणाली. 'किती वर्षं झाली शाळेची बस चालवतेय. एक पोर मागे ठेवलं नाही. ज्यांना ठेवायला हवं होतं त्यांनासुद्धा नाही. रोद्री, तू आठवड्यातून दोनदा माझ्या सीटवर ओकायचास. पोचवलं की नाही तुला घरी?'

'पोचवलंत, आंटी.'

'मग आता नियम सांगा मला. बंडीच्या मागे कुणी राहायचं नाही. बरोबर? आणि बंडी दिसेपर्यंत कोपऱ्यावरच्याने हलायचं नाही. बरोबर?'

कोपऱ्यात शेकोटीपाशी बसलेला म्हातारा एम्रिस म्हणाला, 'बरोबर.'

'तर मग सगळ्यांत हळू कोण आहे, मीच ना? माझ्यामागे राहायला कुणी उरतच नाही. बंडी मला द्या.'

'अगं पण तुझ्यासाठी सगळ्यांना तासतासभर पावसात उभं राहावं लागेल!' गेथिन ओरडला.

'हो,' मेन्ना म्हणाली. 'राहाल.'

एम्रिसने हात वर केला. रोद्रीने दोन्ही केले. मग एकेक करत बाकीचे, खाली मान घालून. हेविनने आजूबाजूला बघून सर्वांत शेवटी. मेन्नाने मला उचललं, माझा तेलाचा डाग पाहिला, आणि तशीच अंगात घातली. चेनचे वाकडे दात तिने नंतर पक्कडीने सरळ केले.

आता मी तिच्याकडे असते. जुनी झालेय, पट्ट्यांची चमक उतरलीय. तुम्हाला सांगायचं ते एवढंच. टोळक्याने निघालात तर पुढे कोण आहे ते मला सांगू नका. पुढे जायला कुणीही जातो. मागे कोण राहिलंय ते माहीत नसेल तर घरी बसा, आणि माझ्या नादी लागू नका.

मेन्नाची पहिली फेरी मे महिन्यात झाली. योग असा की हेविनने पुन्हा तोच रस्ता धरला, आणि प्रार्थनाघराच्या फाट्यावर त्याच्या लगेच मागे गेथिन होता. सगळे गेले. पाऊस आला. आम्ही खाली चढावर मेंढ्यांना एकेक करून जाऊ देत होतो. मेन्नाने घाई केली नाही, आणि मी म्हणेन की जरा जास्तच सावकाशी केली.

वर पोचलो तेव्हा गेथिन निथळत उभा होता. बुटांत पाणी, नाक लाल, हात काखेत. मला पाहून त्याने गाडी चालू केली. मेन्ना त्याच्याशेजारी येऊन थांबली आणि तिने हेल्मेटची काच वर केली.

'जेवलास का?' तिने विचारलं.

त्याने खाली बघून मान हलवली. नाही म्हणाला.

मला फार बरं वाटलं.