मापट्यातल्या चिमण्या

मित्रांनो, दौंडच्या रेल्वे चाळीत एका खिडकीत काठाला पोचा पडलेलं जुनं मापटं दिसलं, तर ओळखा, ते मीच. तुमच्यातल्या पुष्कळांना मापटं म्हणजे काय हेही ठाऊक नसेल. किलो-लिटरच्या राज्यातली लेकरं तुम्ही! माझ्यात अर्धा शेर धान्य मावतं. हसू नका, एके काळी अख्खं केंदूर गाव माझ्या मापानं जेवत होतं.

घोडनदीच्या बाजारात अयुब पत्रेवाल्यानं मला जाड पत्र्यातून घडवलं आणि काठाला पितळी पट्टी मारली. सरकारी छाप उठल्यावर केंदूरच्या वजीर मापाड्यानं मला पागोट्याच्या टोकानं पुसत पुसत घरी नेलं. मापाडी म्हणजे खळ्यावर धान्य मोजून देणारा माणूस. ज्वारीची रास पडली की वजीरला बोलावणं यायचं. रास हिंदूची असो की मुसलमानाची, मोजायची ती वजीरनंच.

त्याच्या दोन रीती होत्या. पहिलं माप ओतताना तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. लाभ, दोन, तीन, असा त्याचा खणखणीत आवाज बांधावर ऐकू जायचा. दुसरी रीत अशी, की काम संपलं तरी तो मला पालथं घालत नसे. तळाशी मूठभर दाणे राहूच द्यायचा. “माप रिकामं ठिवू न्हाई, बरकत जाती,” असं म्हणायचा. ही समजूत त्याच्या एकट्याची नव्हती, साऱ्या गावाची होती. काय दिवस होते ते! नव्या ज्वारीचा तो वास अजून माझ्या पत्र्यात आहे असं मला वाटतं.

मग किलो आले. माझ्यावरचा छाप बाद झाला आणि वजीरचं कामही गेलं. मला खरंच वाईट वाटलं. ज्या मापट्यानं राशी मोजल्या, त्यात मदिनानं चिंचोके भरून कोनाड्यात ठेवलं. मदिना वजीरची बायको. मोठी कामसू बाई. आता तिच्या परसावरच त्यांचं घर चालत होतं. लिंबू, शेवगा, मेंदीचं कुंपण आणि मधोमध एक डेरेदार बोर. ती बोर त्यांच्या लेकीच्या, अकिलाच्या जन्माच्या वर्षी लावलेली. अकिला लग्न होऊन दौंडला गेली, पण बोर बहरली की मदिना झाडालाच म्हणायची, “आली गं माझी बाय!” बोरं आणि लिंबं घोडनदीला विकून दोघं पोट भरत.

त्या परसात सकाळी काय गलका असायचा म्हणून सांगू! बुलबुल बोरीवर, शिंपी लिंबात, दयाळ कुंपणावर शेपटी उडवतोय, सातभाई पाचोळ्यात भांडतायत. चिमण्या तर माझ्या काठावर बसून चिंचोक्यांवर चोच मारायच्या आणि दात पडल्यासारखं तोंड करून उडून जायच्या.

परसाला लागून आनंदरावांचं ज्वारीचं रान होतं. मोठे बागायतदार, सोसायटीत वजन असलेला माणूस. बासष्टच्या पौषात कणसात दाणा भरला आणि चिमण्यांनी शेताच्या कडा साफ केल्या. आनंदराव तणतणत चावडीवर गेले. “वजीरभाईची बोर म्हंजी चिमण्यांची धर्मशाळा हाय! रातीला तिथं ऱ्हात्यात आन् दिसाला माझ्या रानात जेवत्यात. बोर तोडा.”

वजीरचा चेहरा उतरला. मदिना चावडीच्या दाराआडून म्हणाली, “बोर तोडली तर आम्ही खायचं काय, आबा?”

सरपंच भिमाजीआबा शांत माणूस. चिलीम झटकत ते म्हणाले, “अंदाजानं झाड तोडायचं न्हाई. गोठा, ओढा आन् परस, तिन्हीकडं चिमण्या मोजा. जास्ती बोरीवर निघाल्या तर बोर जाईल, न्हाई तर ऱ्हाईल. आनंदराव, मोजायचं कुणी?”

आणि मित्रांनो, आनंदराव लगेच म्हणाले, “वजीरभाईनंच. त्याचं माप कवा खोटं न्हाई.”

माझी तर छाती पत्र्याची होती ती सोन्याची झाली! कोनाड्यातून मला काढलं, माझ्यातले चिंचोके मोजणीसाठी मदिनानं सुपात काढून घेतले. ठरलं असं, की रोज सूर्य उगवताना आबांनी चिलीम पेटवायची आणि ती विझेपर्यंत मोजायचं. दिसलेल्या प्रत्येक चिमणीमागं एक चिंचोका माझ्यात टाकायचा, बाकीच्या पाखरांमागं सीताफळाची बी. पहिल्या सकाळी आनंदरावांचा गोठा, दुसऱ्या सकाळी ओढ्याकाठच्या बाभळी, तिसऱ्या सकाळी परस. वजीर जुन्याच आवाजात मोजू लागला, “लाभ, दोन, तीन...” गोठ्यातल्या म्हशीसुद्धा माना वळवून बघत होत्या.

गोठ्याच्या आणि ओढ्याच्या बिया मोजणी झाल्याबरोबर फडक्यात बांधून ठेवल्या. परसाच्या बियांना मात्र फडकं लागलं नाही, मलाच उचलून चावडीवर नेलं. तिथं आबांनी हात घालून माझ्यातल्या साऱ्या बिया तळापर्यंत उपसल्या आणि तीन ढीग मांडले. ओढ्यावर चिमण्या अगदी थोड्या, बाकी सारी होले, कोतवाल अशी पाखरं. पण परसाचे चिंचोके गोठ्याच्या पुढं गेले. फार नाही, थोडेच. पण थोडे म्हणजेही जास्तच की!

वजीर म्हणाला, “माप ते माप. उद्या तोडा.” घरी येऊन त्यानं मला कोनाड्यात ठेवलं. सवयीनं तळाशी मूठभर चिंचोके टाकले आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मदिना बोरीखाली जाऊन रडली. लेकीला सासरी पाठवताना आई रडते तशी.

सकाळी आनंदराव कुऱ्हाडवाल्याला घेऊन आले. चहा होईपर्यंत त्यांनी सहज मला हातात घेतलं, आत बघितलं आणि विचारलं, “वजीरभाई, ह्यात चिंचोकं कशाचं?”

“बरकतीचं. रिकामं कसं ठिवू?”

“मोजताना बी असंच व्हतं?”

“व्हय की. गोठ्यातनं उठताना मूठभर ऱ्हाऊ दिलं, ओढ्यावरनं उठताना बी...” वजीर बोलता बोलता थांबला.

आनंदरावांनी कपाळावर हात मारला. “अरं देवा! म्हंजी माझ्या गोठ्यातल्या चिमण्या मापट्यात बसून तुझ्या परसात आल्या! मी शेजारी उभा व्हतो आन् मला बी त्यात वावगं दिसलं न्हाई. मी तरी कवा माप पालथं घातलंय!”

ते गप्प राहिले असते तर बोर पडली असती. पण त्यांनी कुऱ्हाडवाल्याला परत पाठवलं आणि आबांना बोलावून आणलं. पुन्हा मोजायचं ठरलं. मात्र आता प्रत्येक वेळी मला पूर्ण रिकामं करायचं होतं. वजीरनं उभ्या जन्मात न केलेलं काम होतं ते. “माफ कर रं बाबा,” असं मला म्हणत त्यानं मला पालथं घातलं आणि बुडावर थाप मारली. पहिल्यांदाच माझं बूड आभाळाकडं झालं. मला कसंसंच झालं, पण खोटं कशाला सांगू, फार हलकंही वाटलं.

या खेपेला परसात चिंचोके थोडे आणि सीताफळाच्या बियाच फार निघाल्या. आबा म्हणाले, “आरं, ही तर अळ्या टिपणारी पाखरं. तुझ्याच पिकाची राखण करत्यात.” आणि चिंचोक्यांचा सगळ्यांत मोठा ढीग निघाला तो आनंदरावांच्या गोठ्याचा! आढ्याला घरट्यांची रांगच होती.

“आता काय गोठा पाडू व्हय?” आनंदराव ओशाळून म्हणाले.

त्यांच्या कारभारीण मुक्ताबाई फटकन बोलल्या, “पाडा की! दोन पावसाळं झालं, गळतोय न्हवं!” सारी चावडी हसली. वजीरही हसला, डोळे पुसत पुसत.

बोर राहिली. त्या वर्षी पहिली पाटीभर बोरं मदिनानं आनंदरावांच्या घरी नेऊन दिली.

पुढं आधी मदिना गेली, मग वजीर गेला. अकिलानं बापाची आठवण म्हणून मला ट्रंकेत घालून दौंडला आणलं. इथं ना कुंपण, ना लिंबू. इंजिनांचा धूर, कोळशाची भुकटी आणि मालधक्क्यावर सांडलेल्या गव्हावर कावळे, कबुतरं. शिंपी नाही, बुलबुल नाही. परसाची फार फार आठवण येते मला.

मित्रांनो, म्हाताऱ्या मापट्याचं एवढं ऐका. पाखरांसाठी दारातलं माप कधी रिकामं ठेवू नका. पण कुणाचा दोष मोजायला बसाल तेव्हा आधी ते पालथं घाला, तळाची जुनी मूठ झटकून टाका.

अकिला रोज मला मूठभर ज्वारीनं भरून खिडकीत ठेवते. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. आज सकाळी मात्र एक काळवंडलेली चिमणी आली, माझ्या पोचा पडलेल्या काठावर बसली आणि तिनं दाणा उचलला. भाकरी थापता थापता अकिलाचा हात थांबला. अगदी बापाच्या आवाजात ती म्हणाली,

“लाभ!”