चार बोटं उंच

मी मोटरसायकल बोलतेय. जुनी म्हणा, हरकत नाही. पण हल्ली लोक थांबून माझे फोटो काढतात आणि विचारतात, "ही नेमकी कुठली गाडी?" तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं, कारण आता ते मलाही धड सांगता येत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी घड्याळं दुरुस्त करणारे एक बुटके गृहस्थ दुकानात आले. रंग पाहिला नाही, वेग विचारला नाही. एकेका गाडीवर बसून पाय टेकतात का, एवढंच बघत राहिले. माझ्यावर बसले, दोन्ही टाचा टेकल्या, तसे म्हणाले, "हीच द्या." टाकीवर मुलगा, मागे बायको, आणि दर रविवारी गावाच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या बहिणीकडे. मी वाटेत कधी दगा दिला नाही.

मग मुलगा मोठा झाला आणि त्याने मोबाइलवर कुठल्याशा गाडीचा फोटो पाहिला.

"बाबा, तुमच्या सत्तरीला गाडी नवी करून देतो!"

हौस दांडगी, मान्य. पण माझी तारांची सडपातळ चाकं काढून त्याने दुसऱ्याच धिप्पाड गाडीची जाडजूड चाकं बसवली. मागचे शॉकअप लांब घातले. मेकॅनिक म्हणाला, "अहो, उंच होईल." तर म्हणे, "होऊ द्या की, रुबाबदार दिसेल!" झाले चार बोटं उंच. साइड स्टँड पुरेना, म्हणून खाली लाकडाचा ठोकळा. नव्या चाकाला मीटरची केबल जोडायला जागाच नाही, म्हणून काटा शून्यावर. मी धावून धावून दमायचं आणि हा म्हणणार, ही हललीच नाही!

रविवारी बाबा घराच्या पायरीवरून माझ्यावर चढले. निघाले झोकात. गल्लीला एक फेरी, दुसरी, तिसरी. दारातून बायको हसत ओरडली, "अहो, उतरा की आता!"

"पाय टेकत नाहीत गं! थांबू कसा?"

मुलाने धावत येऊन हँडल धरलं. बाबा त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उतरले. 

"छान झालीय हं," असं म्हणून त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली. "आता तूच चालव."

आणि हा शहाणा खूश!

तेव्हापासून दर रविवारी बाबा मला पुसतात, फडक्याची घडी सीटवर ठेवतात आणि बसस्टॉपकडे चालू लागतात. मुलगा म्हणतो, "गाडी न्या ना, बाबा." ते म्हणतात, "नको रे, चालणं बरं असतं." आणि याला ते पटतं! कपाळावर हात मारायचा, तर मला हातही नाही.

अरे, माझे जुने शॉकअप आणि चाकं तुझ्या आईने जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलीत. फोटोतल्या गाड्या पुष्कळ पाहिल्यास. आता पाठमोऱ्या बाबांकडे एकदा नीट बघ आणि शिडी लाव. मला नवी नको करूस, राजा. चार बोटं खाली आण, बस.