माग थांबविणारी हलगी

मी भीमा दवंडीवाल्याची हलगी बोलते आहे. सोलापूरच्या नगरपालिकेला शहराशी जे काही बोलावयाचे असते, ते आधी मी बोलते. मग भीमा बोलतो. घरपट्टी वाढणार असो, देवीची लस टोचणारे डॉक्टर येणार असोत, की तलावाचे पाणी आटल्यामुळे नळ एकच वेळ सुटणार असोत, पहिला शब्द माझा. गर्व करणे बरे नव्हे, हे मी जाणते. परंतु ज्या आवाजाने पेठेच्या पेठा दाराशी येतात, त्या आवाजाने स्वतःस लहान म्हणविणे हाही एक खोटेपणाच होय.

माझा जन्म माढ्याजवळच्या एका खेड्यात झाला. लाकडी कडे सुताराने घडविले आणि त्यावर बकऱ्याचे कातडे भीमाचे वडील कुंडलिक यांनी ओढून बसविले. कातडे विस्तवावर शेकून त्यांनी माझ्यावर पहिली थाप दिली, कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "पोरी, कुनापुढं बी घोगरं बोलू नगं." त्यांची ही आज्ञा मी आजवर पाळली आहे. गावात मी लग्नात वाजले, जत्रेत वाजले आणि मयतीतही वाजले. प्रत्येक प्रसंगाचा ठेका निराळा असतो, आणि माझ्याकडून कधी एकाचा दुसऱ्यात घोटाळा झाला नाही.

पुढे भीमा मला काखेत घेऊन कुर्डुवाडीला आगगाडीत बसला व सोलापुरास आला. नगरपालिकेत त्याला दवंडीवाल्याची जागा मिळाली. त्याला पितळी बिल्ला मिळाला. मला मात्र काही मिळाले नाही. तरीही लोक बिल्ल्याकडे पाहात नसत. माझा आवाज झाला की प्रथम मुले धावत, मग बायका येत, आणि सर्वांत शेवटी पुरुष येऊन बायकांना विचारीत, "काय म्हणाला तो?"

आता मी सन १९२७ मधील हकीकत सांगते. कारण माझ्या आयुष्यातील मानाचा प्रसंग तोच आहे.

अंदाजपत्रकाची सभा जवळ आली होती. खर्चात काटकसर करावी म्हणून एका कमिटीने सुचविले की, भवानी पेठेतील विणकरांच्या एका गल्लीतला सार्वजनिक नळ बंद करावा. तेथील लोकांनी हमरस्त्यापलीकडच्या नळावरून पाणी न्यावे. ही सूचना मुळात कमिटीचे एक सभासद गंगाधरपंत वकील यांची होती. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांनी जन्मात कधी घागर उचलली नव्हती, एवढेच. रिवाज असा होता की, अशा ठरावाची दवंडी त्या गल्लीत पिटावी, आणि ज्याची हरकत असेल त्याने सभेत येऊन सांगावे. कोणीच आले नाही, तर लोकांची संमती आहे असे धरले जाई.

भीमा सकाळीच गल्लीत गेला. परंतु तेथे घराघरांत माग चालू होते. धोट्यांचा आणि फण्यांचा खटखटाट इतका एकसारखा की माझा आवाज मलाच ऐकू येईना. भीमाने तीनदा पुकारा केला. एक शेळी मात्र वळून पाहती झाली. दुसरा एखादा असता तर "दवंडी पिटली" असे सांगून घरी गेला असता, आणि त्यास कोणी खोटे म्हटले नसते.

भीमा नळापाशी उभा राहिला. तेथे रत्नम्मा नावाच्या वृद्ध विणकर बाईची सून, पोट पुढे आलेली, एक हात कमरेवर ठेवून घागर भरीत होती. तिच्याकडे त्याने पाहिले. मग त्याने टिपरू आणि काडी, या मला वाजविण्याच्या दोन काठ्या, पुन्हा हातात घेतल्या आणि माझ्यावर मयतीचा ठेका धरला.

विणकरांत चाल अशी की, गल्लीत कोणी गेले तर माग थांबवावयाचे. पहिला माग थांबला. मग समोरचा. मग दोन्ही बाजूंनी एकेक करून सगळेच. मी आजवर गलबला पुष्कळ केला होता. एवढी शांतता मी प्रथमच केली.

रत्नम्मा पदर सावरीत बाहेर आली. "अय्यो भीमा, कोण गेला रे? कोणाच्या घरात?"

"कुनी न्हाई गेलं, आजी."

"मग हे काय वाजवालास? तोंड दाखव बघू तुझा. सकाळी सकाळी प्यालास का?"

पलीकडचा एक विणकर ओरडला, "माझा धागा तुटला की! आता काय तुझी म्युन्सिपालटी येऊन जोडणार?"

"धागा जोडता येतो, दादा," भीमा म्हणाला. "ह्यो नळ एकदा तुटला म्हंजी कोन जोडंल? सोमवारी सभा हाय. नळ बंद करायचा ठराव हाय. ज्याची हरकत आसंल त्यानं येऊन सांगायचं. न्हाई आला, तर तुमाला ठराव पसंत हाय आसं धरत्याल."

कोणी हसले नाही. रत्नम्माने सुनेच्या हातची घागर घेतली, खाली ठेवली आणि विचारले, "सोमवारी कधी?"

सोमवारी सभागृहात गल्ली उभी होती. मी भीमाच्या खांद्याला लटकून दारातून सर्व पाहात होते. गंगाधरपंत आधी माझ्यावरच घसरले. "अध्यक्षमहाराज, या इसमाने कोणी मेले नसता मयतीची हलगी वाजविली. हा जनतेशी खोटेपणा आहे."

अध्यक्षांनी विचारले, "भीमा, कोण मेल्याचे सांगितलेस?"

"कुनाचंच नाव न्हाई घेतलं, सायेब. नळाचंच घेतलं."

तेव्हा रत्नम्मा पुढे झाली. तिचे मराठी मोडके होते. उभे राहणे मात्र सरळ होते. "वकीलसाहेब, तुमच्या घरात पाणी कोण भरतो?"

"गडी भरतो," पंत म्हणाले.

"आमच्या घरात सून भरते. तिला आठवा महिना चालू आहे. रस्त्यात टांगे, मोटारी. तुमचा गडी पाठवणार का दोन महिने?"

सभागृह हसले. पंत हसले नाहीत. ठराव मतास टाकला गेला, तेव्हा त्यांनी स्वतःच त्याच्या बाजूने हात वर केला नाही. नळ राहिला.

भीमास मात्र ताकीद मिळाली की, असला ठेका पुन्हा वाजवू नये, आणि दवंडी प्रत्येकास ऐकू जाईल अशी खबरदारी घ्यावी. भीमाने हात जोडून विचारले, "दोनी येकदम कसं जमायचं, सायेब?" त्यावर अध्यक्षांनी दुसरा विषय पुकारला.

त्यास आता काही वर्षे लोटली. माझ्या कातड्यास एक चीर पडली होती, ती भीमाने स्वतः शिवली. यंदाच्या अंदाजपत्रकात एक नवा विषय आहे: नगरपालिकेच्या झाडूवाल्यांना व इतर खालच्या नोकरांना राहण्यास पक्क्या खोल्या बांधाव्यात, की हे काम पुढे ढकलावे. ही दवंडी मोठ्या पेठांतून पिटावी, असा हुकूम झाला. ज्यांच्या खोल्या, त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे. ती दवंडीच्या वाटेत कधी नव्हतीच. भीमाही तेथेच राहतो.

आज सकाळी मोठ्या पेठा आटोपून भीमा ओढा ओलांडून आला आणि स्वतःच्या झोपडीसमोर उभा राहून त्याने मला वाजविले. त्याची बायको बजाबाई भांडी घाशीत होती.

"आवं, हितं कुनाला सांगताय? हितं कोन हाय ऐकाया?"

"तूच की," तो म्हणाला. आणि मग, जणू ती त्याची बायको नव्हेच, या शहराची एक रहिवासी आहे, अशा खणखणीत स्वरात त्याने पुकारले, "ऐका हो ऐका! खोल्यांचा इषय उद्याच्या सभेत हाय! ज्याला काय सांगायचं आसंल त्यानं यावं हो!"

बजाबाईने हात पुसले, डोकीवर पदर घेतला आणि शेवटच्या शब्दापर्यंत उभी राहून ऐकले. मग हळूच विचारले, "मला बी बोलू देत्याल?"

"व्हय. पर जावं लागंल."

निर्णय काय होईल, ते मला ठाऊक नाही. मला एवढेच ठाऊक आहे की, मी कोणापुढेही घोगरे बोलले नाही आणि आज कोणास वगळलेही नाही. वाचकहो, माझी हाक आपल्या दारापर्यंत येते. तेथून सभेपर्यंतची वाट आपली आहे. ती कृपा करून चाला.

बजाबाईने उद्यासाठी लुगडे धुऊन वाळत घातले आहे.