अण्णाच्या नावाची पत्रं

फोटोला अडकवलेल्या पदकाच्या फितीवर विभूतीचं बोट उमटलं होतं, बारीक, बाईचं — आणि ते आपलं नव्हे हे कलाबाईला उंबऱ्यातूनच कळलं. सकाळपासून तिनं फोटोला हात लावला नव्हता. न्हाऊन, हार घालून, मग विभूती लावायची असं तिनं ठरवलं होतं... म्हणजे मल्लम्मा आधी येऊन गेली. नेहमीसारखी आधी. नवरा माझा, वर्ष त्याला जाऊन झालं ते माझं, आणि पहिलं बोट हिचं.

थोरली जाऊ मल्लम्मा ओसरीवर जेवणावळीची डाळ निवडत बसली होती, जशी काही तिनं कधी कशाला हातच लावला नाही.

"डोळे तेवढे डाळीत ठेव अक्का," कलाबाई जाता जाता म्हणाली. "मागं स्वामींच्या दाताखाली खडा आला व्हता."

मल्लम्मानं मान हलवली. कधी उलटून बोलेल तर शपथ. बोलली असती तर भांडून मोकळं तरी होता आलं असतं.

नवरा, सिद्धराम, फौजेत गेला तेव्हा कलाबाई वीस वर्षांची, उदगीरकडची, मराठी दुसरीतून उठलेली. तो औरादच्या कन्नड शाळेतला. मराठी त्याच्या तोंडात होती, हातात नव्हती. पत्रं कन्नडात यायची, आणि यायची थोरल्या भावाच्या, अण्णाच्या नावानं, कारण धाकट्यानं बायकोच्या नावानं पत्र धाडायची रीत या घरात नव्हती. अण्णा शिवाराच्या घाईत. बरा आहे ना, एवढं विचारून कागद मल्लम्माच्या मांडीवर टाकून जायचा. मल्लम्मा हळ्ळीखेडची, कन्नड सातवी. ती आधी मनात वाचायची — ओठ हलायचे, मधेच थांबायचे, कोपऱ्यात हसू यायचं — आणि मग मराठीत सांगायची. आपल्या नवऱ्याचा शब्द आधी हिच्या जिभेवर, मग आपल्या कानात... दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं खावं तसं कलाबाईनं ते सोळा वर्षं खाल्लं. पण खाल्लं. एकही घास टाकला नाही.

कारण काय काय असायचं त्यात. कलाला सांगा, पहाटे धुण्याला जाताना डोक्याला बांधत जा, तिचा खोकला मला हितं पहाऱ्यावर ऐकू येतोय... ते ऐकून ती चुलीकडं तोंड करून बसली होती, भाकरी करपेपर्यंत.

नोकरी संपवून तो घरी आला तो मात्र मुका. मुका म्हणजे — बोलायचा, पण म्हशीचं, बोअरचं, पोरांच्या फीचं. लेकीच्या शाळेच्या कपड्यांना घडी पडेल अशी इस्त्री करायचा, म्हाताऱ्या बापाची दाढी करायचा. कलाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा चाळीस दिवस घड्याळ लावून थेंब घातले, एक वेळ चुकवली नाही. असा माणूस पंचक्रोशीत नव्हता हे तीही म्हणायची. बोलत नाही ते एक. बोलायचं ते सगळं पत्रात बोलून संपलं असेल, अशी तिनं समजूत घातली होती. आणि पत्रं मल्लम्माच्या ट्रंकेत.

काल तिनं ती मागून घेतली. सिद्धरामच्या आयुष्याबद्दल लोकांपुढं त्याच्या पत्रांतलं काही वाचायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी मल्लम्माचंच नाव घेतलं — तिला सगळं ठाऊक म्हणे. कलाबाईनं नातीला, मंजुश्रीला पुढं केलं. कन्नड शाळेत मास्तरीण आहे पोरगी. वाचंल ती, घरचं माणूस आहे. मल्लम्मा काय पाव्हणी होती? पण बोलून गेली खरी.

मघाशी, कोणी नसताना, खोकल्याचं ते पत्र, तेव्हा चुलीच्या ठिणगीनं कोपरा जळालेलं, तिनं मंजुश्रीपुढं धरलं. पोरीनं वाचलं. अण्णाचा गुडघा कसा आहे, गोठ्यावरचे पत्रे बदला, बाळाला सुई टोचून आणा, काळी म्हैस व्याली का. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

"आन् खोकल्याचं?"

"कुठला खोकला, आज्जी?"

"माझं. कलाला सांगा म्हणून..."

पोरीनं कागद उलटून पाहिला, दुसरा उघडला, तिसरा. मग हळूच म्हणाली, "तुझं नाव न्हाई गं ह्यात कुठं."

खोकला तर तो फौजेत गेल्यावर लागला होता. दिवाळीनंतर. त्याला कुणी कळवलं असणार? घरून पत्र लिहिणारीही मल्लम्माच. आणि भावाच्या हाती पडणाऱ्या कागदावर, अण्णाच्या नावाच्या कागदावर, कोणता धाकटा भाऊ असलं लिहितो... इतकी साधी गोष्ट, सोळा वर्षांत मनात आली नाही. कुडापलीकडं झोपून खोकला ऐकत होती ती मल्लम्मा. जिच्याशी नवरा असून अण्णा आयुष्यात चार शब्द धड बोलला नाही, ती. कुठून आणायची ती? कोणासाठी साठवलेलं मला वाढायची?

लोक जमले. जंगमस्वामी बसले, चार माजी सैनिक टोप्या घालून ओळीनं बसले. मंजुश्री पत्रं घेऊन उभी राहिली.

"तू ऱ्हाऊ दे," कलाबाई म्हणाली. "अक्का वाचंल."

मल्लम्मानं वर पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती भ्यालेली दिसली. "कामून गं? पोरगी वाचायलीय की."

"तिला येत न्हाई. वाच तू."

मल्लम्मानं कागद घेतला, चष्मा सारखा केला. ओठ हलले, थांबले. कागदावरचं वाचेल की दुसरं काही, कलाबाईला ठाऊक नव्हतं. कोणतं हवंय तेही ठरत नव्हतं. फोटोतल्या माणसाकडं तिनं पाहिलं, जावेकडं पाहिलं, आणि राग धरायला दोघांतलं कुणीच सापडेना. सापडली ती चुलीकडं तोंड करून बसलेली वीस वर्षांची पोरगी, जिला काही म्हणजे काही कळत नव्हतं आणि सगळं मिळत होतं — तिच्यावर मात्र कलाबाईचा असा जळफळाट झाला, की पदर तोंडात धरून ती ऐकत राहिली.