लिहिणाऱ्या ताईंची तक्रार

सभागृहातली भाषणं लिहून घेणाऱ्या ताईंचा आवाज तिथं कुणी ऐकलाच नव्हता. लघुलेखिकेनं बैठकीत तोंड उघडायचं नाही, हा रिवाज. ताईंच्या तो इतका अंगवळणी पडला की घरी नवरा म्हणायचा, "अगं, जेवताना निदान मीठ तरी माग!"

एक सदस्य होते, त्यांना सगळे पाठीमागे 'तोफ' म्हणत. आपलं फसलेलं भाषण बदलून लिही म्हणून ते ताईंना दटावू लागले. ताई नाही म्हणाल्या, तशी तोफेनं चारचौघांत त्यांच्या तोंडावर फाइल भिरकावली, वर नको ते सुनावलं. ताईंनी तक्रार केली. ती दाबली गेली, तर नोकरीच सोडायची असं त्यांनी ठरवलं.

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "गप्प बसलीस तर उद्या डोक्यावर मिरे वाटेल मेला!"

पण तक्रार ऐकणार सदस्यांचीच समिती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आणि समितीची लघुलेखिका कोण? ताईच. नेमणूक बदलावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ताई सवयीनं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या.

"ही बाई पहिल्यापासून उद्धट..." तोफ धडाडू लागली, आणि ताई मुकाट्यानं लिहू लागल्या. डोळे भरून आले, पण पेन्सिल थांबेना.

समितीचे अध्यक्ष म्हणजे पूर्वीचे शाळामास्तर. त्यांना ते पाहवेना. उठून त्यांनी ताईंची पेन्सिल काढून घेतली.

"तुम्ही बसा, बाई. मी लिहितो. हं, साहेब, सावकाश सांगा. माझा हात शुद्धलेखनाचा."

"फाइल जरा सरकवली."

"सर-क-वली. टेबलावर, की तोंडावर?"

तोफेची नजर शेजारी वळली.

"जाऊ द्या, मास्तर," शेजारचा सदस्य म्हणाला. "घरातलं घरात मिटवू."

"तिथंच तर चुकतंय! आपण सगळे एकाच माळेचे मणी. हे ऐकायला बाहेरची माणसं हवीत."

त्यांनी सभागृहात तसा ठराव मांडला. पडला. पुन्हा मांडला, पुन्हा पडला. म्हातारा हट्टाला पेटला, आणि अखेर नियम बदलला.

नव्या समितीत सभागृहाचा एकही सदस्य नव्हता, त्यामुळे मास्तरांनाही आत मज्जाव. ताईंची पिशवी मांडीवर घेऊन ते बाहेर बाकावर बसले.

आत गेल्या गेल्या ताईंची पावलं कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळली. तिथं दुसरीच लघुलेखिका होती.

"तिकडे नाही, ताई," समितीतल्या निवृत्त न्यायाधीश बाई म्हणाल्या. "इकडे, समोर बसा. आणि बोला."

ताईंनी घसा साफ केला. कोपऱ्यातली पेन्सिल त्यांच्या पहिल्या शब्दासाठी थांबली होती.